चाळीस सेकंदांचा दशावतार, चाळीस वर्षांपूर्वीचं पुस्तक

प्रश्न थोडक्यात: देवगड तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवणाऱ्या बाईंचं पत्र आलं आहे. घरी हापूसची कलमं, यजमान बागायतदार, सोबत सासूबाई आणि कॉलेजात शिकणारा मुलगा. या पावसाळ्यात त्यांनी नील पोस्टमन या अमेरिकन प्राध्यापकांचं १९८५ सालचं ‘अम्यूझिंग अवरसेल्व्ज टू डेथ’ हे पुस्तक इंग्रजीतून वाचायला घेतलं. टीव्हीने राजकारण, बातम्या, धर्म, शिक्षण या सगळ्यालाच करमणुकीचा साचा चढवला आणि त्या नादात समाज नीट विचार करणं विसरत चालला, असं हे पुस्तक सांगतं. बाई लिहितात, ‘हे आमच्याच घराचं वर्णन आहे.’ सासूबाई दुपारभर मालवणी विनोदी रील बघतात. यजमान जेवतानाही आंबा बागायतदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असतात. मुलगा जत्राजत्रांतून फिरून दशावताराचे चाळीस सेकंदांचे तुकडे टाकतो आणि ते हजारो लोक बघतात. संध्याकाळी सात ते नऊ सगळ्यांचे फोन बंद, असा नियम बाईंनी करून पाहिला, तो टिकला नाही. आता गावच्या वाचनालयाने ६ जानेवारीला, पत्रकार दिनाच्या निमित्ताने, त्यांना याच विषयावर बोलायला सांगितलं आहे. त्यांचे प्रश्न तीन. टीव्हीविषयीचं इतकं जुनं पुस्तक आजच्या मुलांपुढे ठेवण्यात काही अर्थ आहे का? मुलाला रील करणं थांबवायला सांगावं का? आणि ‘मला स्वतःलाच एका बैठकीत चार पानांच्या वर वाचवत नाही, त्यातही दोनदा फोन हातात येतो. मग मी कोणत्या तोंडाने बोलू?’

ताई,

तुमचा तिसरा प्रश्न आधी घेते. त्याचं ओझं मनावर ठेवून तुम्ही वाचनालयात उभ्या राहिलात, तर सगळा वेळ स्वतःची सफाई देण्यातच जाईल.

तुम्ही चार पानं वाचता ती परक्या भाषेतली, शब्दकोश शेजारी ठेवून, शाळा आणि रात्रीचा स्वयंपाक उरकल्यावर. यात मला लक्ष उडाल्याची खूण दिसत नाही. अवघड मजकूर असाच वाचला जातो. वर्गात ज्ञानेश्वरी शिकवताना तुम्ही एका तासात किती ओव्या घेता? थोड्याच, आणि त्याबद्दल तुम्हाला कुणी बोल लावत नाही. राहिला दोनदा उचललेला फोन. काळजी करायची तर तेवढ्याची करू, आणि तीही स्वतःला दूषणं न देता.

हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ साली एक साधी गोष्ट मांडली होती. माहिती माणसाचं लक्ष खाते, म्हणून जिथे माहितीची सुबत्ता तिथे लक्षाचा दुष्काळ. तेव्हा खिशातला फोन बाजारात आलेलाही नव्हता. आज त्यात भर पडली आहे ती मुद्दाम केलेल्या रचनेची. छापील पेपर संपतो, पुस्तकातलं प्रकरण संपतं. संकेतस्थळांवरसुद्धा पूर्वी पानाच्या तळाशी ‘पुढचे पान’ असं काहीतरी असायचं आणि तिथे माणूस क्षणभर थबकायचा. मग कुणीतरी तो तळच काढून टाकला. बोट सरकवत राहा, खालून नवं येतच राहतं. एक व्हिडिओ संपतो न संपतो तोच दुसरा सुरू होतो. तुम्ही जितका वेळ त्यात राहाल, तितक्या जाहिराती तुम्हाला दाखवता येतात आणि तितकी कंपनीची मिळकत. तुमच्या हाताला लागलेल्या सवयीमागे हा हिशेब आहे. तो माहीत असला की राग योग्य ठिकाणी जातो.

म्हणूनच मी सुचवेन की पोस्टमनसोबत रेमंड विल्यम्स या वेल्श लेखकाचीही ओळख करून घ्या. टीव्हीवरचं त्यांचं पुस्तक १९७४ सालचं, म्हणजे पोस्टमनच्या आधीचं. विल्यम्स बोटीने अटलांटिक ओलांडून अमेरिकेला गेले आणि मायामीत एका रात्री टीव्हीवर सिनेमा बघत बसले. सिनेमात मध्येच जाहिराती लागत होत्या, पुढे दाखवायच्या दुसऱ्या सिनेमांच्या झलकाही. कुठलं दृश्य कशातलं, तेच त्यांना कळेना. त्या गोंधळातून त्यांच्या लक्षात आलं की लोकांपुढे सुटेसुटे कार्यक्रम येतच नाहीत, येतो तो एक अखंड प्रवाह, आणि बसलेला माणूस संध्याकाळभर उठू नये अशा बेताने तो आखलेला असतो. सासूबाईंच्या हातातला फोन डोळ्यांसमोर आणा. विल्यम्सना रीलविषयी काहीही ठाऊक नव्हतं, तरी त्यांनी तिची कार्यपद्धती लिहून ठेवली होती.

या दोघांत एक भांडणही आहे आणि ते तुमच्या कामाचं आहे. माध्यमाचा घाटच माणसाला घडवतो, असं पोस्टमन मानतात. विल्यम्स म्हणतात, यंत्र आपलं आपण काही करत नाही. ते कोणी, कशासाठी बनवलं आणि चालवलं ते विचारा. घरात वापरायला मला विल्यम्स जास्त उपयोगी वाटतात, कारण ते सासूबाईंना किंवा मुलाला आरोपी करत नाहीत. पण वर्गात मुलांना एखाद्या माध्यमाकडे निरखून बघायला शिकवायचं असेल, तर पोस्टमनना तोड नाही.

आता पुस्तकाच्या वयाविषयी. तुम्ही ते भविष्यवाणी म्हणून वाचता आहात असं मला पत्रावरून वाटलं. ‘हे आमच्याच घराचं वर्णन’ हे वाक्य तिथूनच आलं असावं. तसं वाचलं तर पुस्तक कधी खरं ठरतं, कधी खोटं, आणि मुलं लगेच त्याचं खोटं पकडतील. संगणक हे वाजवीपेक्षा फार जास्त महत्त्व दिलं गेलेलं तंत्र आहे, असं पोस्टमन त्यात चक्क लिहून गेले आहेत. त्यांच्यासमोर होता तो अमेरिकेतला धंदेवाईक टीव्ही. त्याच वर्षी आपल्याकडे एकटं दूरदर्शन होतं, सरकारी. त्याआधी १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शाळेचे कार्यक्रम दाखवण्याचा प्रयोग भारताने वर्षभर केला होता. म्हणजे आपल्याकडे टीव्ही आला तोच मुळी मास्तराच्या वेशात. शिवाय पोस्टमनच्या टीव्हीपुढे सगळा देश मोजकीच चित्रं बघत बसायचा. १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं तेव्हा ज्या घरी टीव्ही त्या घरी अख्खी वाडी जमायची. आज एका पडवीत बसलेल्या चौघांच्या हातात चार वेगळी जगं आहेत आणि त्यातला एक, तुमचा मुलगा, स्वतः चित्र घेऊन जगाला दाखवतो आहे. याला पोस्टमनकडे उत्तर नाही.

त्यांच्याकडे आहेत ते प्रश्न. एखादी गोष्ट या माध्यमात शिरताना तिचं काय गळून पडतं? कोणत्या प्रकारचं बोलणं इथे सहज खपतं आणि कोणतं अंग चोरून बसतं? हे प्रश्न जुने होत नाहीत.

पुस्तकातली एक हकीकत तुम्ही मुलांना सांगणारच असाल, ती अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या पिओरियाची, १८५४ सालची. सिनेटर स्टीफन डग्लस तीन तास बोलले. मग लिंकन उठले आणि म्हणाले, पाच वाजलेत, मलाही तेवढाच वेळ लागेल, वर त्यानंतर डग्लस पुन्हा उत्तर देणार आहेत, तेव्हा घरी जाऊन जेवून या. लोक जेवून परत आले. ही गोष्ट ऐकली की वाटतं, तेव्हाची माणसंच वेगळी होती. ताई, इथे सावध राहा. वाद चालला होता तो नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू द्यायची की नाही यावर, आणि ज्यांच्या आयुष्याचा तो प्रश्न होता त्या गुलामांना मत नव्हतं. बायकांनाही नव्हतं. लांबलचक ऐकून घेणारा समाज तेवढ्यावरून शहाणा ठरत नाही.

आणि लांब ऐकून घेण्यासाठी इलिनॉयला कशाला जायचं? तुळशीचं लग्न झालं की तुमच्याकडे जत्रा सुरू होतात. रात्री उशिरा आडदशावतार म्हणजे पूर्वरंग, त्यात गणपती, संकासुर, मग आख्यान, ते पहाटेपर्यंत. संहिता नाही. कथानक रंगपटात ठरतं, संवाद उभ्या उभ्या रचले जातात. दोन राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका करणारे नट, समोरासमोर उभे राहिले की धर्म, नीती, वचन यांवरचा त्यांचा वाद अर्धा अर्धा तास चालतो आणि म्हातारी माणसं त्यातला पुराणाचा दाखला चुकला तर लगेच ओळखतात. प्रेक्षक काही मुठी आवळून बसलेले नसतात. कुणी चटईवर डुलकी काढतं, कुणी खाजं घ्यायला उठतं, पोरं आईच्या मांडीवर झोपतात, आणि युद्धाची झांज वाजली की सगळे जागे. लक्ष तिथेही भटकतंच. फरक एवढाच की भटकलेलं लक्ष परत येतं तेव्हा आख्यान तिथेच असतं, पुढे गेलेलं पण तेच. आणि पहाटे ते संपतं.

म्हणून मुलाच्या बाबतीत मी थेट सांगते: थांबवू नका. त्याच्या तुकड्यांमुळे डोंबिवली-विरारच्या चाकरमान्याला आपल्या गावची जत्रा कधी आहे ते कळतं, आणि ज्याने कधी दशावतार पाहिला नाही असा एखादा पोरगा तो बघायला येतो. हे लहान काम नाही. पण त्याच्याशी पोस्टमनचा प्रश्न घेऊन बोला. चाळीस सेकंदांत काय बसतं? तलवारीचं युद्ध बसतं. स्त्रीपार्टीचा नटूनथटून प्रवेश बसतो. संकासुराची फिरकी बसते. दोन राजांचा वाद बसत नाही, कारण त्याची गंमत पाचव्या मिनिटाला कुणीतरी पहिल्या मिनिटातलं वाक्य उलटवतं त्यात असते. आता हेच तुकडे लोकप्रिय होत राहिले, तर नाट्यमंडळं काय वाढवतील आणि काय आखडतील? ही भीती हवेतली नाही. फोन इतके बोकाळायच्या आधीच ‘ट्रिकसीनयुक्त’, म्हणजे करामतींच्या दृश्यांच्या, दशावताराच्या जाहिराती लागायला लागल्या होत्या. प्रेक्षक ज्याला टाळ्या देतो तिकडे खेळ झुकतो, हे मंडळाच्या प्रमुखाला, नाईकाला, कुणी शिकवावं लागत नाही.

हे त्याला उपदेश म्हणून सांगाल तर तो ऐकणार नाही. त्यापेक्षा एका जत्रेला त्याच्यासोबत जा, पूर्ण आख्यान बसून बघा, त्याला हवं ते टिपू द्या. दुसऱ्या दिवशी चहाला विचारा, ‘काल तुला सगळ्यात जास्त काय आवडलं?’ आणि मग, ‘त्यातलं किती तुझ्या फोनमध्ये आलं?’ उत्तर त्याचं त्याला देऊ द्या. पुढे त्याच्या मनात आलं, तर करण्यासारखं बरंच आहे. प्रत्येक तुकड्याखाली मंडळाचं नाव, कलाकाराचं नाव, गाव आणि पुढच्या प्रयोगाची तारीख टाकायची. मंडळाची परवानगी घेऊन एखादा संपूर्ण संवाद, मधे न कापता, वेगळा ठेवायचा. तो हजारो लोक बघणार नाहीत, पण संहिता नसलेल्या कलेत एका रात्रीचा संवाद हा तेवढाच एकदा घडतो, आणि तो जपून ठेवणारा मुलगा तुमच्याच घरात आहे.

सासूबाईंना सोडून द्या. हे मी मनापासून म्हणते, आणि पोस्टमनचाही इथे तुम्हाला विरोध नाही. टीव्हीवरच्या निव्वळ टाकाऊ करमणुकीने कुणाचं फारसं बिघडत नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. त्यांना धास्ती होती ती टीव्ही गंभीर व्हायला जातो तेव्हाची, म्हणजे बातम्या आणि राजकारण. घरातल्या सगळ्यांचं आयुष्यभर करून दमलेली बाई दुपारी मालवणीतला विनोद ऐकून हसते, यात सुधारण्यासारखं काही नाही. त्याच फोनवर मधुमेहाची गोळी बंद करायला सांगणारा निरोप आला तर मात्र शेजारी बसा.

यजमानांच्या बाजूनेही मला बोलायचं आहे. सात ते नऊचा नियम मोडला तो ते बेशिस्त आहेत म्हणून नाही. अवकाळी पावसाचा अंदाज, तुडतुड्यांवरची फवारणी, वाशीच्या बाजारातला पेटीचा भाव, हे त्याच वेळी येतं आणि त्यावर त्यांना रात्रीच ठरवावं लागतं की उद्या गडी बोलवायचे का. पोस्टमननी वापरलेली एक कसोटी इथे फार चांगली लागू पडते. मिळालेल्या माहितीतल्या कितीशा माहितीवर आपण काही कृती करू शकतो? ते म्हणतात, १८४४ साली मोर्सची तार सुरू झाली आणि हे प्रमाण बिघडलं. दूरदूरच्या, आपला काही संबंध नसलेल्या गोष्टी रोज दारात येऊन पडू लागल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाची सूचना ज्यांच्या फोनवर आली त्यांनी होड्या वर ओढल्या, फळ उतरवलं. हैदराबादची इन्कॉइस संस्था मासळी कुठे सापडण्याची शक्यता आहे ते मच्छीमारांना कळवते, त्यावर नौका दिशा ठरवते. ही माहिती कामाची. तीच कसोटी त्याच फोनमधल्या बाकीच्या निरोपांना लावून बघायला यजमानांना सांगा. एका ग्रुपचा आवाज चालू, बाकी सगळ्यांचा बंद, व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद. मला वाटतं, याला ते तयार होतील. नियम घड्याळावर बांधू नका, कामावर बांधा.

मात्र ही कसोटी जशीच्या तशी मुलांपुढे ठेवू नका. पोस्टमन तिथे हेन्री डेव्हिड थोरो या जुन्या अमेरिकन लेखकाचा आधार घेतात. मेन राज्यापासून टेक्सास राज्यापर्यंत तार टाकायची घाई चालली आहे, पण मेन आणि टेक्सास यांना एकमेकांना सांगण्यासारखं काही महत्त्वाचं नसेलही, असं थोरो म्हणाले होते. अमेरिकेत ते खरं असेल. कोकणात नाही. इथल्या कितीतरी घरांची चूल मुंबईच्या मनीऑर्डरवर पेटत आली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ती लांबची बातमी नव्हती, ती रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घराघरांतली बातमी होती. आज कुणाचा मुलगा बोटीवर, कुणाचा जावई आखातात. दूरची बातमी कोकणाला नेहमीच जवळची राहिली आहे. आणि ज्या दिवशी तुम्ही बोलणार आहात तो दिवस बाळशास्त्री जांभेकरांचा. ते तुमच्याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी ‘दर्पण’ हे वृत्तपत्र काढलं, एका स्तंभात मराठी आणि शेजारी इंग्रजी. ते १८४० पर्यंत चाललं. ‘दर्पण’ मधल्या बऱ्याच मजकुरावर कुणाला दुसऱ्या दिवशी काही करता येण्यासारखं नव्हतं, तरी त्याने लोकांना विचार करायला विषय दिले. तेव्हा कृती ही एकच फूटपट्टी धरली, तर बाळशास्त्रीही नापास होतील. मुलांना ही अडचण दाखवा. पोस्टमन चुकतात कुठे हे त्यांनी शोधलं, तर पुस्तक खरंच वाचल्यासारखं होईल.

कार्यक्रमाविषयी माझं मत: संपूर्ण पुस्तक सांगू नका. तारेचं आणि छायाचित्राचं जे एक प्रकरण आहे तेवढंच घ्या, दोन पानांत स्वतःच्या मराठीत उतरवा आणि ते मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. आदल्या आठवड्यात त्यांना एक काम द्या. एका दिवसात फोनवर आलेल्या पहिल्या दहा गोष्टी वहीत उतरवायच्या आणि प्रत्येकीपुढे लिहायचं, हिच्यावर मी काय करू शकतो, ही कुणाला सांगावीशी वाटली आणि ही माझ्यापर्यंत पोचवण्यात कुणाचा फायदा. तिसरा रकाना विल्यम्सचा आहे, तो वगळू नका. फोन नसलेल्या मुलांनी घरच्या मोठ्यांना विचारून लिहावं, त्यातून आणखी वेगळं निघेल. वडीलधारी मंडळी येणार असतील तर मुलांच्या वह्या आधी वाचून घ्या, नंतर तुमचं बोलणं ठेवा. नाहीतर सभा ‘आजकालची पिढी’ या वळणावर जाते आणि मुलं मान खाली घालून बसतात.

राहिला तुमच्या हातातला फोन. पुस्तक वाचताना तो स्वयंपाकघरात ठेवा, शब्दकोश कागदी घ्या, कारण फोनवर शब्द बघायला गेलेला माणूस शब्द घेऊन परत येत नाही. वाचनालयातून कुणी जोडीला मिळालं तर आठवड्यातून एकदा बसून मोठ्याने वाचा. पोस्टमनच्या पुस्तकाची शेवटची पानं मात्र घाई न करता वाचा. माध्यमांचे धोके लोकांना समजावण्याचं काम कुणी करू शकलं तर शाळाच करू शकेल, असं ते म्हणतात, आणि लगेच पुढे कबूल करतात की या उपायावर त्यांचा स्वतःचाच फारसा भरवसा नाही. वीस-पंचवीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या शिक्षिकेला तिथे त्यांच्याशी वाद घालता येईल. तुम्ही काय म्हणता ते मला वाचायचं आहे. कार्यक्रम झाला की मुलांच्या वह्यांमधल्या तिसऱ्या रकान्यात काय निघालं ते नक्की कळवा, इतर वाचकांनाही ते उपयोगी पडेल.